पक्क्या प्रतीचं कुलूप

लातूरला ज्या क्लासमध्ये मी कम्प्युटर सांभाळायचे, तिथं रविवारी चाचणी व्हायची आणि सोमवारी पोरं तुकडी बदलायची. मार्कांप्रमाणे. गेल्या आठवड्यात पहिल्या तुकडीत ऐटीत बसलेला मुलगा या सोमवारी बॅग उचलून तिसरीत जायचा आणि तिसरीतली एखादी पोरगी खाली मान घालून, पण मनातून हरखून, पहिलीच्या दारात उभी राहायची. जिन्याखालच्या फळ्यावर याद्या लागायच्या. त्या बघायला पोरांच्या मागे आईबापही असायचे, चाकूरहून, मुरुडहून पहिल्या गाडीनं आलेले, हातात डब्याची पिशवी. पोरगं वर चढलं तरी डबा मिळायचा, खाली उतरलं तरी मिळायचा, पण देताना बापाचं तोंड वेगळं असायचं. या याद्या मी लिहिलेल्या प्रोग्राममधून निघायच्या. म्हणून सगळे मला यादीवाल्या मॅडम म्हणत आणि शिव्याही त्याच नावानं देत.

आता त्या कामातून मी सुटले आहे. गुडघे दुखतात, डोळे त्याहून जास्त. कुणी कम्प्युटरचं काही विचारायला आलं की मी आधी घोटभर पाणी पिते आणि मग नाही म्हणते. पण एका मुलीची गोष्ट अजून मनातून उतरत नाही. तिचं शिक्षण माझ्या प्रोग्राममध्ये नसलेल्या एका रकान्यावर अडलं होतं. ती क्लासला राहणार की बाप तिला उचलून घरी नेणार, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर जिनं द्यायचं ती सोडून बाकी सगळ्यांना आम्ही विचारत बसलो होतो.

क्लासचे मालक फिजिक्स शिकवायचे. त्यांना सगळे सर म्हणायचे, त्यांची बायकोसुद्धा. शिकवायला उभे राहिले की पोरं पंख्याचा आवाजही ऐकायची नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. पण त्यांच्या तोंडी एक शब्द असा होता की तो ऐकला की माझं डोकं उठायचं. तो शब्द म्हणजे 'फक्त'. फक्त एक तुकडी वाढवायची आहे. फक्त यादीत आडनाव आधी घ्यायचं आहे. फक्त जीवशास्त्राचे मार्क दोनदा धरायचे आहेत. त्यांच्या हिशेबी हे वर्गात एक बाक सरकवण्याइतकं सोपं होतं.

ते दिवसच तसे होते. बोर्डाच्या निकालात लातूरची पोरं वर दिसायला लागली आणि मराठवाड्यातल्या गावागावातून पेट्या, गाद्या, स्टोव्ह घेऊन पोरं इथं उतरायला लागली. ज्याच्या घराला माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत होतं त्यानं त्यावर पत्रे टाकून खोल्या काढल्या. ज्या बाईला चार भाकरी जास्त थापता येत होत्या तिनं मेस काढली. क्लासमध्ये दर महिन्याला नवीन वर्ग, नवीन वेळ, नवीन नियम. माझा प्रोग्राम मात्र मी लहान क्लाससाठी लिहिलेला, आणि त्याला रोज कुठून ना कुठून ठिगळ लागत होतं.

एका वर्षी ऐन हंगामात सरांनी दुसऱ्यांदा बारावीला बसणाऱ्यांची वेगळी तुकडी काढायची ठरवली. ती पहिल्या आणि दुसऱ्या तुकडीच्या मधे घालायची. शनिवारी दुपारी, चालू प्रोग्राममध्ये, ते माझ्या खुर्चीमागे उभे असताना. मी म्हटलं, आधी बाजूला करून बघू. ते म्हणाले, फक्त एक तुकडी तर आहे. मी घातली. सोमवारी फळ्यावर जी यादी लागली तिच्यात दुसऱ्या तुकडीतली चांगली पोरं रिपीटरांत जाऊन बसली होती, तिसरीतल्यांना काही न करता दुसरी मिळाली होती आणि शेवटच्या तुकडीच्या वर्गात शिक्षक एकटेच उभे होते. मुरुडची एक बाई जिन्यावर बसून रडत होती. माझा पोरगा नापास कधी झाला, कुणी मला कळवलं का न्हाई, एवढंच ती परत परत विचारत होती. तो नापास झालेलाच नव्हता. सगळं जागेवर यायला आठवडा गेला आणि त्या आठवड्यात मी सरांशी कामापुरतंही नीट बोलले नाही.

त्यानंतर मी नियम केला. प्रोग्रामच्या दोन प्रती, एक कच्ची आणि एक पक्की. कच्ची माझ्या केबिनमधल्या कम्प्युटरवर. तिच्यात मी हवी ती मोडतोड करू शकत होते. पक्की बाहेर काउंटरवर, जिच्यावर क्लास चालायचा. पक्कीत मार्क भरा, हजेरी भरा, कुणाचा पत्ता बदलला तर बदला. पण नवा रकाना, नवी तुकडी, नवा नियम यातलं काही तिथं करायचं नाही, आणि करू म्हटलं तरी होणार नाही असं कुलूप मी तिला घातलं. बदल आधी कच्चीत करायचा, गेल्या वर्षीची पोरं त्यात घालून बघायची, याद्या बरोबर निघाल्या की त्या अवस्थेवर खूण करून ठेवायची. खूण झालेली रचना तेवढी पक्कीत न्यायची, तीही दिवाळीच्या सुट्टीत नाहीतर परीक्षा संपल्यावर. कुलपाचा पासवर्ड माझ्याकडे. जिन्यावरची बाई सरांनीही पाहिली होती, त्यामुळे ते काही बोलले नाहीत. पुढं त्यांनी 'फक्त' म्हटलं की मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

हा कडकपणा माझ्यात कुठून आला, ते मला माहीत आहे. भूकंप झाला तेव्हा मी अकरावीत होते. आमचं गाव औसा तालुक्यातलं. दगडमातीचं घर, हातभर जाडीच्या भिंती. शेजारच्या काकांनी थोरल्या मुलाच्या लग्नाआधी मधली भिंत फोडून दार काढलं होतं, वर माळवदाचं ओझं तसंच. आमचं घर तडकलं, त्यांचं खाली बसलं. दार काढल्यामुळेच बसलं की कसंही बसलं असतं हे आता कोण सांगणार, पण मी तेव्हापासून राहत्या घराच्या भिंतीला कुणी हात लावला की अस्वस्थ होते. काकूंना मी फार जीव लावला होता. त्यांच्याबद्दल याहून जास्त मला लिहवत नाही.

मग नवं गावठाण झालं, स्लॅबची घरं मिळाली. साहेब लोक येऊन ठोकून बघून गेले, घरं मजबूत आहेत म्हणाले, आणि होतीच. पण माझी आई त्या घरात कधी झोपली नाही. तिनं अंगणात पत्र्याचं छप्पर उभं केलं आणि हळूहळू संसार तिथं सरकला. चूल तिथं, खाट तिथं, पाण्याचा माठ तिथं, देव तिथं. स्लॅबच्या खोलीत ज्वारीची पोती आणि माझी प्रमाणपत्रं, बाहेरून कुलूप. मी दर सुट्टीत भांडायचे तिच्याशी. पावसात पत्रा गळतो, उन्हात तापतो, आत पंखा आहे, आत झोप. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "घर पक्कंच हाय गं. पर मला त्यात झोप लागत न्हाई." नव्या गावठाणात घरोघर हेच होतं. पक्क्या घराला कुलूप आणि माणसं पत्र्याखाली.

क्लासनं नांदेडला शाखा काढली तेव्हा तिथला कारभार ज्यांच्याकडे होता त्यांना मी भाई म्हणायचे. नांदेडच्या जुन्या वस्तीतलं त्यांचं घर, पिढ्यानपिढ्या पुस्तकबांधणीचं दुकान. घरात खळीचा वास असायचा, असं ते सांगायचे. माणूस मऊ बोलणारा, कामाला चोख. तेव्हा फोनवरून माहिती पाठवणं भरवशाचं नव्हतं, म्हणून रविवारच्या चाचणीचे मार्क फ्लॉपीत भरून भाई स्वतः एसटीनं लातूरला यायचे. उन्हात फ्लॉपी खराब होऊ नये म्हणून ती एका रिकाम्या जेवणाच्या डब्यात, रुमालात गुंडाळलेली. कंडक्टर विचारायचा, चाचा, जेवत का नाही, आणि भाई म्हणायचे, ही पोरांची रोटी आहे. नांदेडच्या काउंटरवरही माझीच पक्की प्रत होती, तेच कुलूप लावलेली.

पहिल्या वर्षीच भाईंनी एक अडचण सांगितली. पोरं वर्षाच्या मध्येच गाव बदलत होती. लातूरच्या मेसचं जेवण मानवेना, नांदेडला मावशी आहे, मग चल नांदेडला. किंवा उलटं. माझ्या प्रोग्राममध्ये प्रवेशाच्या वेळी पोरग्याचं जे शहर लिहिलं ते कायमचं, त्याचा नंबरच त्यावरून पडायचा. गाव बदललेलं पोरगं कुठं दाखवायचं, त्याला जागाच नव्हती. भाईंना त्यासाठी रकाना हवा होता. तो साधा रकाना नव्हता, त्यानं नंबरापासून याद्यांपर्यंत सगळं हललं असतं, आणि हंगाम भरात होता. मी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. भाई म्हणाले, "ठीक आहे मॅडम, तुम्ही म्हणता तर मार्चनंतर. पण पोरं तर आत्ताच येऊन राहिलीत."

जाताना त्यांनी सांगितलं की तोवर ते आपल्यापुरतं कम्प्युटरवरच एका वेगळ्या शीटवर लिहून ठेवतील. मी म्हटलं, ठेवा. सरांनाही माहीत होतं. लपवाछपवी कशाची नव्हती. पुढं एकदा मी नांदेडला गेले तेव्हा पाहिलं, काउंटरवर माझी पक्की प्रत उघडी होती, पण कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. सगळं काम भाईंच्या शीटवर चाललं होतं. कोण लातूरहून आलं, रोज्याच्या दिवसांत कुणाला संध्याकाळची वेळ नको, कुणाच्या घरी फोन आहे आणि कुणाचा पीपी म्हणजे शेजाऱ्याचा आहे, सगळं तिथं. मला आईचा पत्रा आठवला आणि हसू आलं. भाईंनी कशाचं हसता म्हणून विचारलं, मी काही नाही म्हटलं, चहा घेतला आणि परतीची गाडी पकडली.

त्याच हिवाळ्यात सरांनी नवा नियम काढला. जी मुलं रविवारच्या चाचणीला गैरहजर दिसतील त्यांच्या घरी लातूरच्या ऑफिसातून फोन करायचा. नियम वाईट नव्हता. क्लासच्या नावाखाली सिनेमाला जाणारी पोरं होतीच. पक्कीतून गैरहजरांची यादी निघायची आणि फोनवरच्या बाई एकेक नंबर फिरवायच्या.

त्या यादीत शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका गावची मुलगी होती. घरची बऱ्यापैकी शेती, शिकायला गावाबाहेर पडलेली घरातली पहिली पोरगी. लातूरला प्रवेश घेतला, मेसच्या जेवणानं पोट बिघडून दिवाळीनंतर नांदेडला मावशीकडे राहायला गेली आणि तिथल्या शाखेत रोज बसू लागली. भाईंच्या शीटवर ती हजर होती, आणि हुशार होती. माझ्या पक्कीत ती लातूरची होती आणि लातूरला ती येत नव्हती, म्हणून रविवारमागून रविवार गैरहजर. तिच्या नावापुढचा फोन गावातल्या किराणा दुकानाचा होता, तिच्या घराचा नव्हता. आमच्या बाईंनी दुकानदाराला निरोप दिला की तुमच्या गावची अमुक मुलगी कित्येक दिवस क्लासला येत नाही, घरी कळवा.

बाप शेतावरून येईपर्यंत निरोप गावभर झाला होता. सामान घ्यायला आलेल्या प्रत्येकानं तो ऐकला आणि पुढं नेला. पोरगी मावशीच्या घरून रोज वह्या घेऊन निघते आणि क्लासला जात नाही, तर मग जाते कुठं, या एका प्रश्नाची जेवढी उत्तरं गावाला सुचली तेवढी सगळी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या माणसाच्या कानावर आली.

तो लातूरच्या ऑफिसात आला तेव्हा काउंटर भरलेला होता. धुतलेला सदरा, टोपी, पायात धुळीनं माखलेल्या वहाणा. बाकावर बसला, त्याची पाळी येईपर्यंत बसून राहिला. मग मुलीचं नाव सांगितलं आणि विचारलं की ती येते का नाही. पक्कीत गैरहजर, गैरहजर, गैरहजर. मी भाईंना फोन लावला. ते म्हणाले, मॅडम, ती माझ्यासमोरच्या वर्गात बसलीय, पहिल्या तुकडीत. मी त्या माणसाला तसं सांगितलं.

"तुमच्याच मशिनीत न्हाई लिवलंय अन तुम्हीच आता हाय म्हणता," तो म्हणाला. "मी कुणाचं खरं धरू? मला मशिनीत हाय म्हणून दाखवा. न्हाईतर मी नांदेडला जातो अन तिला घरी नेतो."

आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

सर आले, त्यांना सगळं कळलं आणि त्यांनी माझ्या कानाशी येऊन म्हटलं, फक्त कुलूप काढा आणि तिला हजर करा. हजर करण्यासाठी कुलूप काढायची गरजच नव्हती. हजेरी कुणीही भरू शकत होतं. पण लातूरच्या चाचणीला हजर केली की प्रोग्राम मार्क मागणार, लातूरला मार्क नाहीत म्हणजे शून्य, शून्य म्हणजे पोरगी सोमवारी शेवटच्या तुकडीत. बापाला ती यादी दाखवायची का? खरं दाखवायचं तर गाव बदलणाऱ्यांचा रकानाच हवा होता. आणि तो रविवार तोंडावर असताना चालू प्रतीत घालायचा म्हणजे पुन्हा जिन्यावर रडणारी बाई. मी म्हटलं, पक्की उघडणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या, आधी कच्चीत करते. सर चिडले. मीही चिडले. लोकांसमोर आमचं वाजलं. आजही भेटले की ते म्हणतात तेव्हा तुम्ही कुलूप काढायला हवं होतं, आणि मी म्हणते कुलूप बरोबर होतं. इतकी वर्षं गेली, पण एकमत होत नाही.

तो माणूस मुक्कामाला नातेवाइकांकडे गेला आणि सकाळी पुन्हा येऊन त्याच बाकावर बसला. दिवसभर बसला. चहा दिला तर नको म्हणाला. मी केबिनमध्ये कच्चीत रकाना घालत होते, गेल्या वर्षीची पोरं लातूरहून नांदेडला पाठवत होते, याद्या फिसकटत होत्या, मी पुन्हा करत होते. काचेतून मला त्याची टोपी दिसायची. दुपारी भाई आले, रिकाम्या डब्यात फ्लॉपी घेऊन, आणि त्यांच्याबरोबर ती मुलगी आणि तिची मावशी. मुलगी बापाशेजारी बसली.

संध्याकाळी वर्ग सुटले, काउंटर रिकामा झाला. कच्चीतल्या याद्या बरोबर निघत होत्या. मी खूण केली, माझाच नियम मोडून ऐन हंगामात रचना पक्कीत नेली, भाईंच्या शीटवरचं एकेक नाव पक्कीत भरलं आणि मुलीची ओळ छापून त्या माणसाच्या हातात दिली. त्याला वाचता येत होतं. त्यानं बोट फिरवत वाचलं. हजर, हजर, हजर. मार्क. तुकडी पहिली. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मला वाटलं, झालं.

"तुमचं दुरुस्त झालं, मॅडम," तो म्हणाला. "गावात जे बोलून झालंय, ते कोन्या मशिनीत दुरुस्त व्हतं?"

आणि मुलीला म्हणाला, चल. भाई मध्ये पडले, मावशी रडली, मी काहीबाही बोलले. तो म्हणाला, थोडे दिवस घरी राहू द्या. थोडे दिवस म्हणजे काय ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. जिना उतरताना मुलीनं एकदा मागं वळून पाहिलं.

रविवारी चाचणी झाली. नव्या रकान्यासकट याद्या चोख निघाल्या, कुठं काही हललं नाही. सोमवारी फोनवरच्या बाई गैरहजरांची यादी घेऊन आल्या आणि अवघडून म्हणाल्या, हिला लावू का. त्या मुलीचं नाव होतं. तिच्यासाठी एवढा आटापिटा करून जो रकाना घातला, त्यात तिची पहिली खरी गैरहजेरी लागली होती.  मी यादी त्यांच्या हातातून घेतली, पर्स उचलली आणि सरांना सांगितलं की मी शिरूरला जाते.

सर म्हणाले, हंगामात, सोमवारी, फक्त एका मुलीसाठी?

या वेळी मी कॅलेंडरकडे बोट दाखवलं नाही.

गावात उतरल्यावर मी आधी किराणा दुकानात गेले. निरोप तिथून सुटला होता, तो तिथंच परत घ्यायला हवा होता. दुकानासमोरच्या ओट्यावर माणसं बसलेली. मी माझी ओळख सांगितली आणि म्हटलं, फोन चुकीचा होता, मुलगी एक दिवसही चुकली नाही, नांदेडला पहिल्या तुकडीत आहे. एकानं विचारलं, मशिन चुकतं व्हय? मी रकाना समजावून सांगायला लागले आणि मध्येच थांबले. म्हटलं, मशिन नाही, क्लास चुकला. मग एकेक जण येत गेला आणि प्रत्येकाला मला पहिल्यापासून सांगावं लागलं. गूळ घ्यायला आलेल्या एका म्हातारीनं तर दोनदा सांगायला लावलं. ऊन डोक्यावर आलं, घसा बसला. बदनामी एका फोनमध्ये झाली होती, ती पुसायला माणूस माणूस गाठावा लागत होता.

कुणीतरी बापाला बोलावून आणलं. तो ओट्याच्या कडेला उभा राहून माझं ऐकत होता. मग म्हणाला, घरी चला.

त्यांच्या अंगणातही पत्रा होता. चूल, खाट, शेळी, सगळं त्याच्याखाली. मागं स्लॅबची खोली. मुलीची आई म्हणाली, आम्ही कुनी आत जात न्हाई, हीच बसती आत पुस्तकं घेऊन. मुलगी दारात आली. हातात फिजिक्सची वही होती. घरी आणलं तरी तिनं अभ्यास सोडला नव्हता. चहा झाला. माझं सगळं बोलून झालं होतं. तेवढ्यात दुकानदार अंगणाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, आत आला नाही, आणि लांबूनच बापाला म्हणाला, "पोरीला कवा धाडायलास? पेपर जवळ आले न्हवं का."

बापानं त्याच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. "आज मॅडमसंगच जाईल," म्हणाला. आई उठली आणि भाकरी बांधायला लागली.

परतीच्या गाडीत मुलगी खिडकीशी बसली. मांडीवर बॅग, त्यावर भाकरीचं गाठोडं. काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला नव्या रकान्याबद्दल सांगू लागले. आता कुठल्याही शाखेत गेलीस तरी तुझी नोंद तुझ्याबरोबर येईल, असा फोन पुन्हा जाणार नाही. ती थोरल्या माणसाचं ऐकतात तशी ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "मॅडम, ज्या दिवशी तुमच्या ऑफिसनं गावात फोन केला ना, त्या दिवशी मी नांदेडच्या ऑफिसातच होते. फोनच्या शेजारी. भाईंना मार्क लिहू लागत होते."

कंडक्टर आला. मी दोन तिकिटं काढली.

"तिकडं एक फोन केला असता," ती म्हणाली, "तर मीच उचलला असता."